काकांची अर्धी नोकरी आणि मी

मी एक जुनी लाकडी होडी आहे, मित्रांनो, आणि आज कधी एकदा पाण्यात उतरते असं मला झालंय.

तलावाकाठच्या एका सुताराने मला घडवलं. कित्येक वर्षं मी माणसांना पैलतीरी नेलं. "हिच्यात पोटातलं पाणी हलत नाही," असं लोक म्हणायचे, तेव्हा मी फुलून जायचे. मग पूल झाला आणि माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहीना.

शेवटी मला घेतलं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी. पन्नाशीतच नोकरी सोडायची आणि काकूंना घेऊन रोज तलावावर यायचं, हा त्यांचा बेत. सुट्टी मिळाली की दोघं येत, मला घासूनपुसून डांबर लावत.

एकदा काकू म्हणाल्या, "अहो, हिशेबात घरभाडं धरलंत, किराणा धरलात. दवाखाना कुठे धरलाय?"

"आपल्याला काय धाड भरलीय?" काका हसले.

राजीनामा द्यायच्या आठवड्यातच काकूंच्या छातीत कळ आली. शस्त्रक्रिया झाली, त्या वाचल्या. खर्च कंपनीच्या विम्याने उचलला. नोकरी सोडली तर तो विमाही जाणार होता. नव्या विम्याचा हप्ता ऐकून काकांचे डोळेच पांढरे झाले.

काकू हिंडूफिरू लागल्यावर दोघं माझ्याजवळ येऊन बसली. "हिला विकून टाकतो," काका म्हणाले. माझ्या काळजात धस्स झालं.

"होडी कशाला विकता? मोठं घर सोडू. इथे दोन खोल्या स्वस्तात मिळतील. आणि नोकरी सोडू नका, अर्धी करा. साहेबांना विचारून तर बघा."

"नाही म्हणाले तर?"

"तर पूर्ण करा. मी आहे, तलाव आहे. पळून कोण जातंय?"

साहेबांनी बरंच झुलवलं. पण अखेर निम्म्या पगारावर आठवड्याला तीन दिवस काम मान्य केलं, विमा कायम ठेवून.

आज काकांचा पहिला मोकळा दिवस. काकू आधीच माझ्यात बसल्यात. डॉक्टरांनी त्यांना वल्हवायला मनाई केलीय, हुकूम सोडायला नाही. "आवरा, उन्हं चढतील," त्या म्हणतात. काका मला ढकलताहेत, माझ्या फळ्याफळ्यांतून शिरशिरी जातेय.

मित्रांनो, निवांत दिवसांची स्वप्नं खुशाल बघा. पण त्यात आजारपणालाही जागा ठेवा, आणि दुखणं अंगावर काढू नका. घरच्यांनाही काढू देऊ नका. बरं, आता मला अडवू नका. लागलं बघा पाणी तळाला!