साहेबांच्या खोलीतला कन्सोल

पद्माकरसाहेबांना यंत्राची खोली सोसत नसे. आत थंडी फार, आणि गेलं की कोणीतरी काहीतरी विचारी. म्हणून त्यांनी उंटावरून शेळ्या हाकायचं ठरवलं. हेब्बाळच्या वाटेवरच्या त्या सरकारी गणन केंद्रात सदुसष्ट साली एकच कॉम्प्युटर होता आणि त्याला एकच कन्सोल, म्हणजे यंत्राला काही झालं की आपणहून टाइप करून सांगणारा टाइपरायटर. तसाच दुसरा वरच्या मजल्यावर आपल्या टेबलाशी हवा, असा साहेबांचा हुकूम निघाला.

प्रोग्रामर जयसिंगराव कित्येक वर्षं तात्पुरत्या नेमणुकीवर होते. दर मार्चअखेर नेमणूक संपे, एप्रिलात पुन्हा सुरू होई आणि मधल्या दिवसांत घरमालक त्यांच्याकडे वेगळ्या नजरेनं पाही. साहेब म्हणाले, कन्सोल नीट चालू करा, तुम्हाला कायम करण्याच्या कागदावर सही करतो. जयसिंगराव हात धुऊन कामाच्या मागे लागले.

प्रश्न एकच होता. नव्या कन्सोलनं बोलायला कुठून सुरुवात करायची? उत्तर मिळालं बसवनगुडीत, थोरल्या बहिणीच्या घरी. सकवारबाईंचे, म्हणजे अक्कांचे यजमान विठोजीराव नुकतेच वारले होते. भेटायला जो येई त्याला अक्का पहिल्यापासून सांगत: सकाळी उठले, नाश्त्याला उप्पिट्टू खाल्लं, स्वल्प घाम आला म्हणाले. निम्म्यात आणखी कोणी आलं की पुन्हा उप्पिट्टूपासून. ज्यांनी तीनदा ऐकलं होतं तेही मान हलवत. उशिरा आलेल्याला आधीचं सांगावं लागतं, ही आपली रीत. जयसिंगरावांनी तीच यंत्राला शिकवली. यंत्राचा कारभार पाहणारा मूळ प्रोग्राम आता आपले निरोप चुंबकी ड्रमवर साठवी, आणि नवा कन्सोल जोडला की आधी ते सगळे ओळीनं टाइप करून मग आजचं सांगू लागे. तारीख घालायची मात्र राहिली. अक्काही तारीख सांगत नसत, कारण ऐकणाऱ्याला ती ठाऊक असे.

नारळ फुटला, साहेब खुर्चीत बसले आणि कन्सोल खडखडू लागला. थंड हवेचं यंत्र बंद. खोली तापली. कॉम्प्युटर ताबडतोब थांबवा. साहेबांनी फोन उचलून कॉम्प्युटर थांबवायला लावला. खाली एका धरणाचं सकाळपासून चाललेलं गणित वाया गेलं. खोली तर गारठलेली होती. सगळं पुन्हा सुरू केलं, वरचा कन्सोल पुन्हा जोडला. त्यानं पुन्हा उप्पिट्टूपासून घेतलं, आणि साहेबांनी पुन्हा कॉम्प्युटर थांबवला.

जयसिंगराव धापा टाकत वर आले.

"साहेब, हे मागच्या मंगळवारचं आहे."

"मग मंगळवारी मला का नाही सांगितलं?"

"मंगळवारी आपल्याकडे कन्सोल नव्हता."

हे उत्तर साहेबांना उद्धट वाटलं, कारण ते बरोबर होतं. जयसिंगराव म्हणाले, प्रत्येक निरोपाला तारीख लावतो, तासाभराचं काम आहे. साहेबांना तारीख नको होती. माझ्या कन्सोलवर जुनं काही उमटता कामा नये, मी बसल्यावर घडेल तेवढंच यावं, असं त्यांनी बजावलं. शिवाय नवा नियम केला: यापुढे कॉम्प्युटर थांबवायचा तो साहेबांच्या कन्सोलवर इशारा आला तरच. कायम करण्याचा कागद टेबलावर होता आणि पेनाचं टोपण उघडं होतं. हे चुकीचं आहे हे जयसिंगरावांना कळत होतं, वाईटही वाटत होतं. घरमालकही आठवत होता. त्याच दिवशी त्यांनी साहेबांच्या कन्सोलपुरती आधीचं सांगण्याची रीत काढून टाकली. सही मात्र साहेबांनी काम नीट चालेपर्यंत राखून ठेवली.

थोड्याच दिवसांनी थंड हवेचं यंत्र खरंच बंद पडलं. खालच्या कन्सोलनं इशारा दिला. कॉम्प्युटर एक गोष्ट एकदाच सांगे. ऑपरेटर यल्लाप्पा वर धावला तर साहेबांच्या खोलीला कुलूप. साहेब आले, स्थिरस्थावर झाले, कन्सोल जोडून बसले. कागद कोरा. यल्लाप्पानं खोली भट्टीसारखी तापल्याचं सांगितलं, तेव्हा साहेबांनी कोऱ्या कागदाकडे बोट केलं.

"साहेब, ते आधीच सांगून झालंय," जयसिंगराव म्हणाले.

"म्हणजे जुनं झालं. जुनं मला नको, हे आपलं ठरलंय."

जयसिंगराव खाली येऊन कॉम्प्युटर बंद करायच्या बटणाशी उभे राहिले. हात वर उचलला की झालं असतं. हात खिशातच राहिला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत कॉम्प्युटरची स्मृती जळून गेली.

चौकशी समिती दिल्लीहून आली. वरच्या कन्सोलवर दोषाची एकही ओळ नाही, हे पाहून तिनं साहेबांच्या दक्षतेची तारीफ केली. यल्लाप्पाची बदली झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. बंद कॉम्प्युटरवर कापड पडलं, साहेबांनी राखून ठेवलेली सही केली आणि जयसिंगराव त्याच्यावरचे प्रोग्रामर म्हणून कायम झाले.

म्हैसूरपाक घेऊन ते बसवनगुडीला गेले. कायम झालो, म्हणाले. अक्कांनी वडी हातात घेतली, पण तोंडात घातली नाही.

"सरी, बरं झालं. बैस. आता पहिल्यापासून सांग."

जयसिंगरावांनी मनात दोनदा सुरुवात करून पाहिली. कुठून सुरुवात केली तरी मध्ये ते बटण येत होतं.

"कायम झालो, अक्का. एवढंच आहे," ते म्हणाले.

अक्कांनी वडी पुन्हा डब्यात ठेवली.