भुवईवर आरवणारा कोंबडा

मी कोंबडा बोलतोय. बॅटरीवर चालणारा, प्लॅस्टिकचा. पण आवाज असा की सामोआतले खरे कोंबडेही माना वळवून बघतात. हा गर्व नव्हे, अनुभव आहे.

तेउइलाबाईंनी मला फेतूच्या घरी आणलं. ज्या मुलांचं अंग साथ देत नाही, त्यांना शिकवत त्या गावोगाव फिरतात. माझ्या पोटातून एक वायर निघते, तिच्या टोकाला ताटलीएवढं लाल बटण. ते दाबलं की मी पंख फडफडवून आरवतो.

फेतू सहा वर्षांची. बोलता येत नाही, हात ताठ, तिचं ऐकतच नाहीत. आठवडाभर बटण तिच्या हाताखाली होतं. पण घरच्यांची माया इतकी उतू जात होती, की आई, मावशा, भावंडं, जो तो तिच्या वतीने दाबून मोकळा. मी सगळ्यांसाठी आरवलो, फक्त तिच्यासाठी नाही. माझी मलाच लाज वाटायची.

शेवटी बाई म्हणाल्या, शुक्रवारी खेळणं दुसऱ्या मुलाकडे नेते. आई माटालेनाने मला पुसलं आणि सवयीने लेकीला विचारलं, "जाऊ द्यायचा का गं कोंबडा?" फेतू ढिम्म. "मग ठेवायचा?" भुवया टणकन वर. आमच्याकडे 'हो' म्हणायला तोंड कोण उघडतो? भुवया उडवल्या की झालं.

रेडिओ दुरुस्त करणारा लाफाएलेमामा दारात बसून बघत होता. "ताई, पोरगी भुवयांनी बोलतेय आणि आपण तिच्या हातांच्या मागे लागलोय. धन्य आहे आपली."

त्याने फेतूच्या कपाळाला पट्टी बांधून तिच्यावर इवलंसं बटण बसवलं. भुवई वर गेली, मी आरवलो. माटालेना रडली, बाईंनी मला तिथेच राहू दिलं. पुढचे चार दिवस सारं घरच रडकुंडीला आलं. प्रार्थनेत आरव, जेवताना आरव. आरवणं फेतूला आलं होतं, थांबणं शिकायचं होतं.

ऑक्टोबरात मुलांचा पांढरा रविवार असतो. चर्चमध्ये प्रत्येक मूल काहीतरी म्हणून दाखवतं. फेतूचं दरवर्षी आईच म्हणायची. त्या वर्षी तिला नाटुकल्यात कोंबड्याचं काम मिळालं. आळशी घरातली म्हातारी तीनदा विचारते, 'उजाडलं का?' तिसऱ्यांदाच आरवायचं. माटालेनाने लाल बटणही मांडीवर घेतलं, आपलं असावं म्हणून.

म्हातारीचं काम करणाऱ्या चुलतबहिणीने, इलाइसाने, दोनदा विचारलं. फेतूने भुवया आवरून धरल्या. मग इलाइसा वाक्यच विसरली. माटालेनाचा अंगठा बटणावर टेकला. फेतूने आईकडे असं काही बघितलं, की तिने हात मुकाट्याने पाठीमागे नेला.

"उजाडलं का?" इलाइसाला एकदाचं आठवलं.

असा मी आयुष्यात आरवलो नव्हतो. बाहेरचे कोंबडे उत्तरं देऊ लागले, पाद्री डोळे पुसत हसत सुटले. एरवी मोठे आधी जेवतात, त्या दिवशी मुलांना आधी वाढतात. फेतूचं ताट माटालेनाने मिरवत आणलं.

आता माझा एक पंख अडकतो, आवाजही बसलाय. परवा बाईंनी यंदाची पात्रं वाचून दाखवली. कोंबडा म्हटल्यावर फेतू जागची हलली नाही. म्हातारी म्हटल्यावर भुवया वर. भुवई उडवली की तिच्या वतीने वाक्य बोलणारा डबा मामा जुळवतोय. तेव्हा माझं बटण आता कोणीही घ्या बाबांनो, फक्त घाई करू नका. यंदा प्रश्न फेतू विचारणार आहे.