पायरी तीन गाळावी

बाबा आजवर एकशे चौदा वेळा गेले. एकशे चौदाही वेळा मी त्यांना परत आणलं.

दर रविवारी सकाळी दहाला, बैठकीच्या खोलीत, टेबल भिंतीकडे सरकवून. बाबा म्हणजे माझे सासरे. बाटल्यांच्या कारखान्यात ते एकतीस वर्षं सुरक्षा अधिकारी होते आणि एकतीस वर्षांत तिथे कुणाला साधं खरचटलंही नाही. याचा त्यांना अभिमान होता. थोडं वाईटही वाटत असावं. एवढं सगळं पाठ केलं आणि वापरायला कुणी पडलंच नाही. निवृत्त झाले तेव्हा कारखान्याने त्यांना घड्याळ दिलं. त्यांनी स्वतःहून तिथला, स्वतःच्या हाताने लिहिलेला प्रथमोपचाराचा तक्ता उचलून आणला.

तक्ता फ्रिजच्या दारावर आहे. त्यातल्याच पायऱ्या खाली उतरवते आहे. पहिली ओळ त्यांची, बाकी माझं.

पायरी १. जो प्रथम पाहील त्याने शिट्टी वाजवून मोठ्याने म्हणावे : हा सराव नाही.

सरावातसुद्धा हेच म्हणायचं. "सराव म्हटलं की माणसं ढिली पडतात," हे बाबांचं मत. त्यामुळे आमच्या घरात हे वाक्य एकशे चौदा वेळा खोटं बोललं गेलं आणि एकदा खरं.

तो रविवारच होता. सराव सुरू झाला होता. बाबा सतरंजीवर आडवे, छातीवर सोफ्याची उशी. मी गुडघ्यांवर. नवरा लिफ्ट अडवायला खाली गेलेला. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, फोनजवळच्या खुर्चीत.

मी अकरापर्यंत मोजलं आणि बाबा उठून बसले.

"झोपा," मी म्हटलं.

त्यांनी शिट्टी वाजवली. "हा सराव नाही."

"माहीत आहे, बाबा. झोपा."

"अगं, तिकडे बघ."

आई खुर्चीतून घसरून खाली आल्या होत्या. एक चप्पल पायात, एक नाही. फोनचा रिसीव्हर वायरला लोंबकळत हळूहळू फिरत होता.

पायरी २. कार्ड क्रमांक दोनने खालील नंबरवर फोन करावा.

कामांची कार्डं वाटलेली आहेत. दोन नंबर आईंचं. तीन नंबर नवऱ्याचं, लिफ्ट आणि फाटक. छाती दाबायचं काम माझं, कारण मी बेकरीत आहे, रोज वीस किलो मैदा मळते. "हात आहेत की मुसळं," आई म्हणायच्या, आणि शेजारणींना माझे दंड दाखवायच्या. रुग्ण कायम बाबा. एवढ्या शिस्तीत दुसऱ्या कुणाला पडून राहता येत नाही. आईंना एकदा झोपवून पाहिलं होतं, त्यांना हसू आवरेना.

आता कार्डावरच्या नंबराबद्दल. दर रविवारी अँब्युलन्सवाल्यांना उगीच फोन करणं बरं दिसत नाही, म्हणून बाबांनी कार्डावर मावशीचा नंबर लिहिला. मावशी म्हणजे आईंची धाकटी बहीण, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. तिला बाबांनी एक वाक्य पाठ करायला दिलं होतं. ती ते म्हणायची, मग दोघी बहिणी पाऊण तास बोलत बसायच्या. आमच्या सरावाचा आईंना झालेला एकमेव फायदा.

आई पडल्यावर बाबांनी त्यांच्या हातातलं कार्ड काढून घेतलं आणि त्यावरचा नंबर फिरवला.

"तातडीची सेवा, बोला," पलीकडून आवाज आला. मावशीला या कामाचा फार अभिमान. फोनवर ती नाकातून बोलते.

"बाई, वय अडुसष्ट, बेशुद्ध. हा सराव नाही."

"पत्ता मिळाला आहे. गाडी निघाली आहे. आठ मिनिटं. धीर धरा."

"धन्यवाद," बाबा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. ते वाक्य त्यांनीच लिहिलं होतं, एकही शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता. बरोबर उत्तर ऐकू आलं की बाबांना बरं वाटतं. त्यांनी घड्याळ लावलं.

मावशी नंतर रडत म्हणाली, "भाऊजी स्वतः बोलतायत म्हटल्यावर मला वाटलं, आज माझी परीक्षा आहे."

पायरी ४. दोन्ही हात छातीच्या मध्यावर ठेवून, कोपरे न वाकवता, मिनिटास शंभर ते एकशेवीस वेळा दाबावे.

तीन कुठे गेली? तक्त्यावर तिथे पांढरी पट्टी चिकटवलेली होती. मीही आत्ता ती चिकटवूनच ठेवते.

आईंच्या छातीवर उशी नव्हती. हे मला पहिल्या दाबालाच कळलं. उशीखालचे बाबा एकशे चौदा आठवडे स्पंजासारखे लागले होते. आई म्हणजे हाडं होती. वर कापड, खाली हाडं, आणि त्याखाली कुठेतरी आमच्या आई.

"कोपरं," बाबा म्हणाले.

मी कोपरं सरळ केली. विसाव्या दाबाला काहीतरी वाजलं. लाकडी पेटीचं झाकण किंचित उघडावं तसं.

"बाबा, काहीतरी मोडलं."

"मोडतं. पुस्तकात आहे. मोजत राहा."

पायरी ५. रुग्ण बोलत असला तरी दाब थांबवू नये.

ही पायरी कुठल्याही पुस्तकात नाही. ती आमच्या घरात तयार झाली. सरावात रुग्ण बाबाच असल्यामुळे रुग्ण सारखा बोलायचा. कोपर सरळ. लय गेली. खिडकी उघड रे कुणीतरी. दर वेळी मी थांबायचे आणि वेळ वाया जायचा. म्हणून त्यांनी तांबड्या शाईने ही ओळ लिहिली.

साठाव्या दाबाला आई म्हणाल्या, "अगं, दुखतंय."

मी एकसष्ट म्हटलं.

"अगं बाई, हळू."

"थांबू नकोस," बाबा म्हणाले. त्यांचे डोळे घड्याळावर होते. "पाचवी पायरी."

मी नव्वदपर्यंत गेले. हे मी कुणाला सांगत नाही, पण इथे लिहायला हवं. बोलणाऱ्या बाईची छाती मी आणखी तीस वेळा दाबली, शंभर ते एकशेवीसच्या लयीत, कोपरं सरळ ठेवून. मी काम चोख करत होते.

मग आईंनी हात वर केला आणि माझी वेणी ओढली.

वेणीबद्दल तक्त्यात काही नव्हतं. मी थांबले.

"माझी शाळा चुकेल," आई म्हणाल्या. "दप्तर कुठे टाकलंस?" त्यांनी माझ्याकडे अनोळखी बाईकडे बघावं तसं बघितलं आणि डोळे मिटले. बाबा त्यांच्या शेजारी सतरंजीवर बसले. त्यांची जागा आज आईंनी घेतली होती, त्यामुळे कुठे बसावं हे त्यांना कळत नव्हतं.

"सात मिनिटं झाली," ते बऱ्याच वेळाने घड्याळ बघून म्हणाले. "येईलच आता."

पायरी ६. कार्ड क्रमांक तीनने लिफ्ट तळमजल्यावर रोखून धरावी व फाटक उघडे ठेवावे.

नवरा रोखून उभा होता. ही हकिगत त्याने नंतर सांगितली. चौथ्या मजल्यावरचे शिंपी कापडाचे गठ्ठे घेऊन आले.

"काका, लिफ्ट राखीव आहे."

"दर रविवारी तुमच्याकडे कोण मरतं रे?"

"वडील."

"आणि आज?"

"आजही वडीलच."

"मग जिना चढून वर जा आणि त्यांना सांग, हे गठ्ठे घेऊन चार मजले चढलो तर एखाद्या रविवारी मी खरा मरेन."

नवऱ्याने त्यांना आत घेतलं नाही. तो इमानदार माणूस आहे. वर आपली आई पडली आहे हे माहीत नसताना त्याने चौदा मिनिटं तिच्यासाठी लिफ्ट धरून ठेवली.

वर फोन वाजला. बाबांनी झडप घातली.

"काय गं ताई," मावशी तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आज फोन नाही केलास? झाला का भाऊजींचा खेळ?"

मी बाबांच्या कानाजवळ होते, मला सगळं ऐकू येत होतं. बाबांनी हातातलं कार्ड उलटं केलं. पुन्हा सुलटं केलं.

"गाडी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"कुठली गाडी, भाऊजी?"

खरा नंबर तीन आकडी आहे. शाळेतल्या पोरांनाही येतो. बाबांना तो चार वेळा फिरवावा लागला. तिथल्या बाईने पत्ता घेतला आणि नाव न विचारता पहिला प्रश्न टाकला.

"पेशंट श्वास घेतोय का?"

बाबांनी फ्रिजकडे पाहिलं. पांढऱ्या पट्टीकडे.

"हॅलो? श्वास चालू आहे का?"

"तो प्रश्न आमच्याकडे नाही," बाबा म्हणाले.

पायरी ०. वेळच येऊ देऊ नये.

ही पायरी तक्त्याच्या डोक्यावर आहे, सगळ्यात मोठ्या अक्षरात. तिचं पालन सगळ्यात कडक. रोज सकाळी साडेसहाला सगळ्यांचं ब्लड प्रेशर. प्रत्येकाच्या नावाच्या चार बाटल्या पाणी, रात्री झोपेपर्यंत संपवायच्या. दोन वर्षांपूर्वी आई जिना चढून आल्या आल्या बाबांनी त्यांना पट्टा बांधला आणि वरचा आकडा एकशे अठ्ठेचाळीस आला. एक सौम्य गोळी सुरू झाली, पाणी लघवीवाटे काढणारी. त्याच संध्याकाळी बाबांनी मिठाची बरणी शेजाऱ्यांना देऊन टाकली.

"जेवण आहे की शिक्षा?" आई म्हणायच्या.

"आकडा बघ. एकशे अठरा."

"आकड्याला चव असते का हो?"

दोन आठवडे आई सांगत होत्या की डोकं हलकं हलकं वाटतं. बाबांच्या वहीत त्याची नोंद आहे: हलके वाटते. सुधारणा.

पायरी ७. रुग्ण डॉक्टरांच्या ताब्यात देताना लेखी अहवाल द्यावा.

बाबांनी खरी गाडी आल्यावर तिच्यात बसून लिहिला. वेळा सेकंदांसकट. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई, माझ्याहून लहान असतील, त्यांनी तो उभ्या उभ्या वाचला.

"छाती कुणी दाबली?"

"मी."

"दोन बरगड्यांना तडे गेलेत. दाब अगदी योग्य होता." त्यांनी कागद उलटला. "फक्त त्यांचं हृदय चालू होतं. श्वासही असणार. कुणी पाहिला नाही?"

बाबांनी पेनचं टोपण काढलं, परत लावलं.

"त्यांच्या रक्तातलं मीठ फार उतरलंय," त्या म्हणाल्या. "ती गोळी, वरून इतकं पाणी आणि अळणी जेवण. त्यामुळे पडल्या, त्यामुळेच काहीबाही बोलतायत. आजची रात्र नाजूक आहे. हळूहळू भरून काढावं लागेल. घाई केली तर मेंदूला इजा होते."

कॉटशेजारच्या दांडीवर बाटली टांगली होती. थेंब थेंब पडत होतं.

"यात काय आहे?" बाबांनी विचारलं.

"मिठाचं पाणी."

बाबा रात्रभर त्या बाटलीकडे बघत बसले. थेंब मोजत असावेत, ओठ हलत होते. सकाळी आईंनी डोळे उघडले, नवऱ्याला नावाने हाक मारली, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मुसळं," आणि बरगडी धरून कण्हल्या. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडून आले.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा बाबा पेन काढून तयार होते.

"हे पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं?"

"गोळी बंद. तहान लागली की पाणी. जेवणात मीठ घाला."

बाबांनी लिहिलं. "आणि?"

"आणि काही नाही."

"पण दुसरं काही झालं तर?"

"होऊ शकतं," त्या म्हणाल्या. "अडुसष्ट वय आहे. काहीही होऊ शकतं."

बाबांचं पेन कागदावर टेकलेलंच राहिलं. तिथे शाईचा मोठा ठिपका झाला. त्या पुढच्या कॉटकडे गेल्या तरी ते लिहायच्या पवित्र्यातच होते, लिहीत मात्र काहीच नव्हते.

पायरी ३.

पुढच्या रविवारी शिट्टी वाजली नाही. शेजाऱ्यांनी बरणी परत दिली, अर्धी रिकामी. मावशी सकाळीच येऊन ठेपली आणि स्वयंपाकघरात नाकातून न बोलता वावरत होती.

मी फ्रिजवरची पट्टी पाण्याने भिजवून सोलून काढली. खाली बाबांच्या अक्षरात दोन ओळी होत्या. वरची मूळची: रुग्णाचा श्वास चालू आहे का, हे छातीकडे बघून दहा सेकंद तपासावे, चालू असल्यास छाती दाबू नये. खालची नंतरची, तांबड्या शाईत: सरावात गाळावी, कारण रुग्ण नेहमी श्वास घेत असतो व सराव पुढे जात नाही.

दुपारी मी खोलीत डोकावले. आई पाठीवर झोपल्या होत्या, छातीला रुंद पट्टा. बाबा स्टुलावर, वाकून, त्या पट्ट्याकडे बघत होते. तो वर जायचा, खाली यायचा. घड्याळ त्यांच्या हातात नव्हतं, ते कपाटावर पडलेलं होतं.

"बघून झालं का?" आईंनी डोळे न उघडता विचारलं.

"दहा सेकंद बघायचं असतं."

"अहो, जेवल्यापासून बसलाय."

"हो," बाबा म्हणाले आणि स्टूल थोडं पुढे ओढून घेतलं.