कात्रीला काही झालेलं नाही

मित्रांनो, मी केस कापायची एक जुनी कात्री आहे. पोलादाची दोन पाती एका स्क्रूने जोडून मला घडवलं आणि सोळा वर्षांपूर्वी मी ताईंच्या दुकानात आले. रडणारी पोरंसुद्धा ताईंपुढे गप्प बसत. "काय हलका हात आहे!" असं लोक म्हणत आणि मी उगाच भाव खात असे.

मग एका हिवाळ्यात सगळं बिनसलं. सकाळी तास-दीड तास ताईंची बोटं वळेनात. माझ्या कडीत अंगठा शिरेना, शिरला तर निघेना. दुपारपर्यंत हात मोकळा होई, म्हणून त्यांनी सकाळची गिऱ्हाइकं घेणंच सोडलं. यजमानांनी विचारलं, तर "कात्रीची धार गेलीय," म्हणून मोकळ्या झाल्या. खापर माझ्यावर! पण त्याहून मला धास्ती होती ती लहान मुलांच्या कानांची.

एके दिवशी तेच झालं. सकाळीच भाचीचे केस कापताना मी ताईंच्या बोटांतून निसटले. तिच्या कानाच्या पाळीवर रक्ताचा थेंब आला.

"फार नाही दुखलं गं, मावशी," ती म्हणाली.

पण ताई मला घेऊन तडक धारवाल्या काकांकडे गेल्या. काकांनी कागद कापून पाहिला.

"हिला काही झालेलं नाही. ताई, तुमचे हात दाखवा बघू."

"कामाने सुजलेत थोडे."

"कात्री तर तुम्ही उजव्या हातात धरता. मग डावा का सुजलाय?" काकांनी मला बाजूला ठेवलं. "आमच्या हिचं असंच सुरू झालं होतं. आम्ही चालढकल केली. आता तिला कपही उचलवत नाही."

दुसऱ्याच दिवशी ताई यजमानांबरोबर डॉक्टरांकडे गेल्या. मी पर्समध्येच होते. तपासण्यांनंतर कळलं, रोगांशी लढणारी शरीराची ताकदच चुकून सांध्यांवर तुटून पडली होती. हा संधिवाताचा एक प्रकार होता.

"मुळापासून जाणार नाही, पण आवरता येईल. वेळेत आलात," डॉक्टर म्हणाले.

औषध लागू पडायला अडीच महिने लागले. तोवर मी खणात पडून. ताई रोज मला उचलून बघत, परत ठेवत. माझा जीव टांगणीला लागे.

आता त्या दिवसाला चौघापाचांचेच केस कापतात. काही सकाळी मला हातही लावत नाहीत. मित्रांनो, घरात कुणी डब्याचं झाकण उघडायला रोज तुम्हाला हाक मारत असेल, तर झाकण उघडून द्याच. पण त्यांचे हातही एकदा नीट बघा.