तहानेचं माप

बेलापूरच्या ऊस बागायतदार गोरक्षला यंदा पाथर्डीकडून आलेल्या ऊसतोड टोळीची पर्वा उरली नव्हती. बांधापलीकडे त्यांच्या पाचटाच्या झोपड्या, कोप्या, पडल्या, तशी टोळीतली जाणती लंकाबाई त्याच्या दारी आली.

"भाऊ, बाया लांबून कॅनॉलचं पानी डोक्यावर आनत्यात. तुमच्या मोटारीचं दोन टाइम सोडा. ऊस बुडख्यापासून तोडून देतो."

गोरक्ष हसला. "आता ऊस तोडायला मशीन येतंय, बाई. त्याला पानी बी लागत न्हाई अन् कोपी बी न्हाई!"

लंकाबाई माघारी फिरली.

आठवड्यात अवकाळी कोसळला. काळ्या रानात मशीन रुतलं, मालक ते काढून घेऊन गेला. उसाला तुरा फुटलेला. वजन रोज घटू लागलं.

"जावा की आता," बायको राहीबाई म्हणाली. "का मशीनचीच वाट बघता?"

गोरक्ष कोपीपुढे उभा राहिला. लंकाबाई कोयत्याला धार लावत होती. आता ही अडवून जादा मागणार, त्याला वाटलं.

"काय घ्याल?"

"दोन टाइम पानी."

"येवढंच?"

"भाऊ, तवा तुमचं अडलं न्हवतं, आज अडलंय. आमची तहान तवा बी तेवढीच हुती. तुमचं अडलं म्हनून ती वाढवून सांगू व्हय?"

गोरक्षची मान खाली गेली. त्या दिवशी आपण हसलो; आज हिने साधं हसूनही घेतलं नाही!

सांजेला त्याने कोप्यांपर्यंत पाइप टाकला. हातातलं रान उरकून टोळी आठवड्याने त्याच्या रानात उतरायची ठरली. पण आठवडाभर कडक ऊन पडलं आणि आदल्याच दिवशी मशीनवाल्याचा फोन आला.

"रान वाळलंय. उद्याच उरकतो."

गोरक्षची नजर पाइपकडे गेली. पाइप गुंडाळायला कितीसा वेळ! पलीकडे बाया पाण्याखाली हात धरून खिदळत होत्या.

"नगं," तो म्हणाला. "टोळीला शब्द दिलाय."

फोन ठेवला, पण छाती काही फुगली नाही. गुंडाळायचा विचार मनात आलाच कसा, याचीच त्याला लाज वाटत राहिली.

बंधूंनो, भगिनींनो, हातात काही आलं की आपला आवाज चढतो, हात रिकामा झाला की तो मऊ होतो. बोलणी करताना आपलं पारडं रोज वरखाली होईल. समोरच्याची तहान मात्र त्या पारड्यात टाकू नये!