सातवं औषध

“आणि हे शेवटचं काय गं?” क्वान मावशींनी माक वैद्यांच्या चिठ्ठीवर सगळ्यात खालच्या ओळीला बोट लावलं. बोट उजव्या हाताचं होतं. डावा हात महिन्यापूर्वीच्या अर्धांगाच्या झटक्यापासून मांडीवर नुसता पडलेला असे.

युकसिम करडईची फुलं तोलत होती, ती थांबली. सनवुई गावातल्या त्या जुन्या औषधांच्या दुकानात एकतीस वर्षं तिनं चिठ्ठ्या वाचून पुड्या बांधल्या होत्या. अर्धांगाच्या चिठ्ठीत काय असतं हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. सहा झाडपाल्याची औषधं: मुळ्या, साली, फुलं, बिया. आणि सातवं ते. चिठ्ठीवर त्याचं नाव ‘भुईचा ड्रॅगन’ असं लिहितात. नाव एवढं भारदस्त की ऐकणाऱ्याला वाटावं, कुठल्या तरी डोंगरातली दुर्मीळ मुळी असेल. खणात मात्र चिरून, सपाट करून वाळवलेली गांडुळं असतात.

“गांडूळ आहे, मावशी,” ती म्हणाली. “घालू की काढू?”

क्वान मावशी म्हणजे युकसिमच्या आईची जिवलग मैत्रीण. दोघी कुनयाम देवीच्या भक्त, दोघी कडक शाकाहारी. कांदा-लसणालासुद्धा शिवायच्या नाहीत. महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला मठात शेजारी शेजारी बसून जेवायचं आणि जेवता जेवता एकमेकींच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या, हा त्यांचा नेम. आईचं व्रत सेहेचाळीस वर्षांचं आणि मावशींचं वीस वर्षांचं, हे आई कधी विसरू द्यायची नाही.

मावशींनी चिठ्ठी खाली ठेवली. “तुझ्या आईच्या काढ्यात होतं का हे?”

एवढ्या साध्या प्रश्नावर युकसिमचे कान तापले.

आईला झटका आला होता गेल्या वर्षी. उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं. तेच माक वैद्य, तीच चिठ्ठी. पहिल्या दिवशी आईनं जड जिभेनं विचारलं होतं, यात कुणाचा जीव नाही ना? आईला वाचता येत नव्हतं. युकसिमनं चिठ्ठी समोर धरून मोठ्यानं सहा नावं वाचली आणि सातवं गिळलं. मग पाच महिने रोज मडक्यात काढा उकळला. उरलेला चोथा आई हट्टानं स्वतःच रस्त्यावर टाकायची, लोकांच्या पायाखाली जाऊन आजार निघून जावा म्हणून. त्याआधी युकसिम चॉपस्टिकनं त्यातल्या तपकिरी पट्ट्या एक एक वेचून काढायची. चोरानं मागचे ठसे पुसावेत तशी.

बरं, व्रत तरी कुणासाठी होतं? युकसिम चार वर्षांची असताना तापात आकडी येऊन निळी पडली होती. आई देवीपुढे पालथी पडली आणि म्हणाली, ही वाचू दे, पुन्हा जिवाला तोंड लावणार नाही. पोर वाचली. मध्ये देवधर्मावर सरकारी बंदीची अशी वर्षं आली की देवीचं नाव घेण्याचीही चोरी होती. तेव्हाही आई घरातल्या घरात व्रत पाळत राहिली, आणि वाट्याला आलेला डुकराच्या मांसाचा तुकडा मुलीच्या वाडग्यात टाकत राहिली. आता त्याच मुलीनं ते व्रत मोडलं होतं, आणि तेही रोज, फुंकर घालून, चमच्या-चमच्यानं.

आईचा हात परत आला. आईनं मठभर सांगितलं, “औषध कसलं, नुसता पाला होता. मला देवीनं उठवलं.” युकसिमला आनंद झाला होता, खोटं कशाला बोला. पण तो आनंद कधी मोकळेपणानं घशाखाली उतरला नाही.

“नव्हतं,” युकसिम म्हणाली. “तिनं काढायला लावलं होतं.”

“मग माझंही काढ,” मावशी म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम सैल झाला. “ती नुसत्या पाल्यावर बरी झाली, तर मीही होईन.”

एकीचं व्रत मोडलं ते पुरे, असं युकसिमनं स्वतःला बजावलं आणि सहाच औषधांच्या पुड्या बांधल्या. मावशींचं व्रत तिनं राखलं होतं, यात शंका नव्हती. पण राखलं ते खोटं बोलून, आणि ते खोटं आईसाठी नव्हतं, स्वतःसाठी होतं, हेही तिला कळत होतं. आईपुढे उघडं पडायची तिच्यात हिंमत नव्हती.

पाच महिने गेले. मावशींचा हात काही हलेना. युकसिम माक वैद्यांकडे गेली आणि आडून आडून विचारलं, की ते सातवं नसल्यामुळेच गुण आला नाही का. वैद्यांनी चष्मा पुसला. एकाच चिठ्ठीवर एक माणूस उठतो आणि एक पडून राहतो, ते म्हणाले. कशानं काय झालं हे छातीठोकपणे सांगणारा मी कोण? त्यांनी ठाम दोष दिला असता तर बरं झालं असतं. निदान एकदाचं रडून तरी घेता आलं असतं.

संत्र्यांचा हंगाम होता. गावात जिकडे तिकडे सुपांमधून साली वाळत होत्या. मावशी दारात बसून सोलायला बघत होत्या. औषधाला जाणारी साल तीन पाकळ्यांत अखंड निघावी लागते. त्यांनी फळ गुडघ्यांत धरलं होतं, आणि ते सारखं निसटत होतं. युकसिम समोर बसली, फळ हातात घेतलं, आणि सोलता सोलताच सांगून टाकलं.

मावशींनी सुपातली एक वाळकी साल उचलली आणि परत ठेवली.

“रोज होतं?”

“रोज. पाच महिने.”

“मला त्या दिवशी खरं सांगितलं असतंस,” मावशी म्हणाल्या, “तर मीही घेतलं असतं गं. ती घेते म्हटल्यावर मी कशाला मागे राहिले असते?”

युकसिमच्या हातातली साल मधेच फाटली. आता घालते, आजपासून घालते, ती घाईघाईनं म्हणाली.

“नको. आता राहू दे.”

“मग आईला सगळं सांगून टाकते. मला हे झेपत नाही, मावशी.”

“खबरदार.” मावशींचा आवाज चढला नाही, पण युकसिम जागच्या जागी थिजली. “तुझं ओझं हलकं करायला तिचं व्रत काढून घेतेस? तिच्याजवळ दुसरं आहे काय? तुला झेपत नाही ना, मग वाहा तसंच. मीही वाहीन.”

पंधराव्या तिथीला तिघी मठात जेवायला बसल्या. टोफू होता, मश्रूम होते, गरम भात होता. आईनं उजव्या हातानं चॉपस्टिक धरल्या आणि टोफूचा मोठा तुकडा मावशींच्या वाडग्यात ठेवला. मग साऱ्या पंगतीला ऐकू जाईल असं बोलली:

“सहा महिने झाले तुला. तुझ्या मनात कुठेतरी खोट आहे बघ. नाहीतर देवी मला उठवते आणि तुला का नाही?”

“आई, पुरे,” युकसिम म्हणाली.

“तू मधे बोलू नकोस. मी तिच्या भल्याचं सांगतेय. जा, देवीची क्षमा माग. मन साफ कर.”

मावशींनी तोंडातला घास संपवला. “असेल गं,” त्या शांतपणे म्हणाल्या. “माझंच काहीतरी चुकत असेल.” आणि काठी घेऊन उठल्या.

आधार द्यायला युकसिमही उठली.

“तू जेव,” मावशी तिच्याकडे न बघता म्हणाल्या. “भात निवेल.”

त्या हळूहळू देवीसमोर गेल्या. काठी भिंतीला टेकवली. दोन्ही हात जोडणं काही त्यांना जमणार नव्हतं. त्यांनी एकच हात छातीशी उभा धरला, मान खाली घातली, आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.