खेकडे समुद्राकडे गेल्यावर

"किल्ली फिरवतोस, की मुहूर्त बघतोयस?"

मुकादम चोंगअंकल बुलडोझरच्या सावलीत कॉफी पीत होते. वर माझा नवरा साब्री हात मांडीवर ठेवून बसला होता. मी डबा घेऊन आले होते, नूरीन कडेवर. सकाळी त्याने भाताला हात लावला नव्हता, ते माझ्याने बघवलं नाही.

समोर उंच झाडांचा एक पट्टा उरला होता, अलीकडे उघडी फॉस्फेटची खाण. तो पट्टा आज पाडायचा होता. आमच्या ख्रिसमस बेटावर अ‍ॅबट हा समुद्रपक्षी अशाच झाडांच्या शेंड्यांवर घरटं करतो, जगात दुसरीकडे कुठेही नाही. एकच पिल्लू, तेही जवळजवळ वर्षभर घरट्यात. खाली पडलं तर त्याला जमिनीवरून उडता येत नाही. पाहणीवाले मागे येऊन गेले होते. खाली ना शीट, ना पीस. पट्टा रिकामा, असं त्यांनी ठरवलं.

मागचा एक पट्टाही असाच रिकामा ठरला होता. साब्रीने पाडलेल्या झाडाबरोबर पिल्लू खाली आलं. शर्टात गुंडाळून त्याने ते घरी आणलं, मासे भरवत बसला. ते जगलं नाही. तेव्हापासून झाडं पाडायची असली की तो जेवत नाही. नोकरी सोड म्हणायचा मला धीर होत नाही. पदरी मूल आहे.

त्याने पुन्हा आत फिरून येऊ का, असं विचारलं.

"जा बाबा," चोंगअंकल म्हणाले. "पक्ष्यांचा बापच तू."

मी झाडांच्या कडेला चादर पसरली. नूरीन रांगायला लागल्यापासून माझी नजर तिच्या मुठीवरच असते. चादरीबाहेर हात घालून तिने एक पान उचललं आणि थेट तोंडाकडे नेलं. मी ते हिसकावलं. तिने भोकाड पसरलं. पानावर चुन्यासारखा पांढरा ओघळ होता. फेकणार, तोच वास आला. माशाचा. समुद्रापासून इतक्या वर, जंगलात.

मग मी खाली नीट पाहिलं. पानांचा थर साचला होता. एरवी आमच्या जंगलात लाल खेकडे जमीन सारवल्यासारखी साफ ठेवतात. पान, फळ, शीट, मेलेलं पाखरू, काही म्हणून सोडत नाहीत. आता ते अंडी सोडायला समुद्रावर उतरले होते. पाहणी झाली तेव्हा मात्र इथेच होते.

"साब्री, इकडे ये. धावू नकोस. वर बघ."

बराच वेळ नुसती पानंच दिसली. मग एक फांदी हलली आणि काटक्यांच्या कडेवरून पांढरं, पिसारलेलं डोकं बाहेर आलं. साब्रीने चादरीवरून नूरीनला उचललं आणि घट्ट धरलं.

चोंगअंकलनी आधी पान हुंगलं, बाजारात मासा पारखतात तसं. मग वर पाहिलं आणि वायरलेसवर कचेरीला काम थांबल्याचं कळवलं. पलीकडून कोणीतरी बरंच बोललं. पाहणीचं नाव निघालं असावं.

"साहेब," ते म्हणाले, "मी स्वतः वास घेतलाय."

दुपारी वनरक्षक आला, दुर्बिणीतून पाहून त्याने झाडांना फीत बांधली. घरट्याचं झाड ठरलं, पट्टा आता तसाच राहील, म्हणाला. मला एकदम हसू आलं, मग डोळे भरून आले. साब्रीने उभ्याउभ्याच डबा संपवला.

बुलडोझर मागे न्यायचा होता. मागे घेताना तो भोंगा वाजवतो. साब्रीने चढण्याआधी भोंग्याची तार काढून ठेवली. चोंगअंकल मागे जाऊन उभे राहिले, हाताने वाट दाखवू लागले. ते अवजड धूड इंचाइंचाने मागे सरकत गेलं आणि म्हातारा उलट्या पावलांनी, तळहात हलवत, त्याच्यासाठी वाट काढत राहिला.